आगुरीची खबर

तेन्शो सातवं वर्ष, अकरावा महिना, नववा दिवस
ताकिगामीची गढी

ओतोमात्सु,

या नावानं आता तुला कुणी हाक मारत नसेल. बाणाला बांधून आलेल्या तुझ्या पत्राखाली सही 'इबारा हिसानागा' अशी आहे. असेल. पण मी तुला शेवटचा पाहिला तेव्हा तू सात वर्षांचा होतास आणि ओतोमात्सु होतास. इबारा हिसानागा या गृहस्थांशी माझी ओळख नाही, म्हणून हे पत्र माझ्या धाकट्या भावाला.

परवा धुकं हटल्यावर समोरच्या टेकडीवर तुझी निशाणं दिसली. आमचा म्हातारा तिरंदाज मोकुसुके डोळ्यांवर हात धरून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "धाकटे मालक आले." त्यानं तुला लहानपणी खांद्यावर बसवून नदी दाखवली होती म्हणे. मी त्याला म्हटलं, धाकटे मालक आलेत ते आपल्या माना कापायला आलेत. त्यावर तो म्हणाला, "आले तर खरे." त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

आता तुझ्या पत्राचं उत्तर. मी गढी खाली करावी, तुझे धनी कुसाका माझ्या माणसांना अभय देतील, असं तू लिहिलंस. उत्तर: नाही. आठव्या महिन्यापासून तुम्ही डोंगराभोवती कुंपण घालून बसला आहात, आणखी खुशाल बसा. आमचं इथं उत्तम चाललंय. तांदूळ आहे, मीठ आहे, विहिरीला पाणी आहे. काल तर मासेही होते. माझे धनी हिराओका वसंतात फौज घेऊन येणार आहेत, तेव्हा तुझी त्यांच्याशी गाठ पडेलच.

तू मला निव्वळ हट्टी समजू नयेस म्हणून कारणही लिहितो. ही गढी माझ्या ताब्यात दिली तेव्हा हिराओकांनी माझी मुलगी ओलीस ठेवून घेतली. आगुरी तिचं नाव. नऊ वर्षांची आहे. मी इकडे फाटक उघडलं की तिकडे तिला खांबाला बांधतील आणि भाले चालवतील. ओलिसाचं काय होतं ते तुला मी सांगायला नको.

हे पत्र भिक्षू गेन्शुन आणतील. मेलेल्यांसाठी मंत्र म्हणायला त्यांना दोन्हीकडून येऊ-जाऊ देतात. उत्तर पाठवायचं असेल तर त्यांच्याच पोथीत घालून पाठव. बाणाला बांधू नकोस, बाण सगळ्यांना दिसतो.

कागेनोरी


बारावा महिना, चौथा दिवस

ओतोमात्सु,

मासे नव्हते.

गेन्शुन मंत्र म्हणताना डोळे मिटतात, पण एरवी त्यांचे डोळे फार चालतात असं दिसतं. फाटकावरचा पहारेकरी भाला धरून उभा नाही, भाल्यानं त्याला धरून ठेवलंय, असं त्यांनी तुला सांगितलं. बरोबर सांगितलं. तुझं पत्र वाचून मला आधी राग आला. मग वाटलं, तेवीस वर्षांनी भावाला लिहायचं आणि त्यातही बढाया मारायच्या, हे काही खरं नाही.

आत तीनशे बारा माणसं आहेत. लढणारी नव्वद. बाकीची खालच्या तीन गावांतली. तुमची निशाणं दिसताच भांडीकुंडी, पोरंबाळं, म्हाताऱ्या घेऊन ती वर आली. एरवी त्यांनी गढीसाठी दगड वाहायचे आणि संकटात गढीनं त्यांना आत घ्यायचं, ही जुनी रीत. मी फाटक कसं लावून घेणार होतो? धान्य शंभर जणांपुरतं होतं. ते कधीच संपलं. घोडे गेल्या महिन्यात संपले, माझा तपकिरी सगळ्यांत शेवटी. दुपारी मी म्हटलं, मला भूक नाही. संध्याकाळी खाल्ला.

आता आम्ही दोर खातोय. आपले वडील अळूचे देठ सोयाबीनच्या मिसोत उकळून, वाळवून त्यांचे दोर वळून घेत असत, आठवतं? आई म्हणायची, "हे बांधायचे की खायचे, ते एकदा ठरवा." तेच दोर. तुकडे करून उकळले की खारट, चिवट काहीतरी तयार होतं. पोरं ते तासभर चघळतात आणि गप्प राहतात, हा त्यातला खरा फायदा.

इथे एक पाहुणाही आहे, होसोमी जिनबेई. हिराओकांनी माझ्यावर नजर ठेवायला पाठवलेला माणूस. मी शिंकलो तरी कुठल्या दिशेला तोंड करून शिंकलो ते तो लक्षात ठेवतो. वाईट नाही बिचारा, तोही दोरच खातो. मी त्याला विचारलं, रीतीप्रमाणे किल्लेदारानं स्वतःचं पोट चिरून घ्यायचं आणि त्या बदल्यात शत्रूनं माणसं सोडायची, असं केलं तर? तो म्हणाला, "धन्यांच्या परवानगीवाचून तुम्ही मेलात, तर गढी सोडलीत असंच धरलं जाईल. मुलीचं जे व्हायचं तेच होईल."

परवानगी मागायला मी दोन माणसं पाठवली. एकाला तुमच्या कुंपणापाशी मारलं. दुसरा हिराओकांचं पत्र घेऊन परत आला. पत्रात लिहिलं होतं, वसंतात उमेच्या झाडांना फुलं येईपर्यंत धीर धरा. अक्षर फार सुंदर होतं.

तेव्हा माझी अवस्था अशी आहे. लढायला ताकद नाही, शरण जायची सोय नाही आणि मरायला परवानगी नाही. भिंती मीच बांधल्या, पहारे मीच बसवले, आणि या गढीत सगळ्यांत पक्का कोंडला गेलेला माणूस मीच आहे.

काल तुझी वहिनी ओसेन रिकामं पातेलं घासत बसली होती. उगाचच. घासता घासता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमच्या वडिलांनी एक पोर दिलं, तुम्ही एक दिलंत. तुमच्या घराण्यात पोरं होतात ती द्यायलाच." तुला उत्तर सुचलं तर कळव. तू दिलेल्यांपैकी आहेस.

कागेनोरी


तेन्शो आठवं वर्ष, पहिला महिना, दुसरा दिवस

ओतोमात्सु,

नवं वर्ष लागलं आणि सगळ्यांचं वय एकेक वर्षानं वाढलं. तू एकतीस, मी छत्तीस, आगुरी दहा. सणाचं म्हणून कालच्या दोराला थोडं जास्त मीठ होतं.

तुझ्या पत्रात एकच वाक्य होतं. 'वडिलांनी करार मोडला, तेव्हा तुझ्या मनात काय आलं?' मी ते दहा दिवस बाळगलं. दोनदा उत्तर लिहिलं आणि जाळलं. दोन्हींत मी फार रडलो होतो. प्रत्यक्षात मी रडलो नव्हतो.

त्या प्रश्नाच्या आधीचं सांगितल्याशिवाय उत्तर लिहिता येणार नाही. वडील तेव्हा कुसाकांच्या पक्षाला होते आणि कुसाकांनी ओलीस मागितला होता. थोरला मुलगा, वारस. म्हणजे मी. तुला कुणी ते सांगितलं की नाही, ठाऊक नाही. ज्या सकाळी पालखी यायची होती, त्या सकाळी मी अंथरुणातून उठलो नाही. हिवाळ्यात पोटाशी धरायचा तो गरम दगड असतो ना, फडक्यात गुंडाळलेला, तो मी कपाळाला लावून पांघरुणात पडलो होतो. आईनं हात लावून पाहिलं आणि ती घाबरली. वडील दारातूनच बघून गेले. बाहेर त्यांचा आवाज ऐकू आला, "धाकटा चालेल का, विचारा." चालला. पालखीत बसवताना तू मला ओरडून सांगितलंस, "दादा, बरा झालास की ये."

मला ताप नव्हता, ओतोमात्सु.

मी बारा वर्षांचा होतो, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. बारा वर्षांच्या मुलाला आपण काय करतोय ते कळतं. मला कळत होतं.

दोन वर्षांनी वडील हिराओकांच्या पक्षाला गेले. करार मोडला म्हणजे तू गेलास, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. आईनं केस कापून संन्यास घेतला. कुसाकांचे सरदार इबारा यांच्या घरी मूलबाळ नव्हतं, म्हणून त्यांनी तुझा जीव मागून घेतला आणि तुला मुलगा मानलं, हे आम्हाला पुढे चार वर्षांनी कळलं. पण त्या दिवशी आम्ही तुला मेलेलाच धरला. आणि त्या दिवशी माझ्या मनात आलं, बरं झालं मी गेलो नव्हतो. एवढंच. दुसरं काही लिहिलं तर ते परत मासे होतील.

आता मला एक मागायचंय आणि मागायला तोंड नाही. दहा वर्षांखालची मुलं बाहेर सोडली तर कुसाका त्यांना जाऊ देतील का? माणसं सोडली म्हणजे गढी सोडली असं होत नाही, होसोमीही त्यावर काही बोलू शकणार नाही. चौतीस मुलं आहेत. विचारून बघ.

कागेनोरी


पहिला महिना, सोळावा दिवस

ओतोमात्सु,

तापाबद्दल तू एक अक्षरही लिहिलं नाहीस. नाही लिहिलंस ते ठीकच केलंस.

कुसाका म्हणतात, 'सगळे बाहेर या, नाहीतर कुणीच नको.' समजलं. माझ्या गढीत खाणारी तोंडं जितकी जास्त, तितकं त्यांचं काम सोपं. त्यांच्या जागी मी असतो तर हेच म्हटलं असतं, आणि तू माझ्या जागी असतास तर त्यांना याच शिव्या दिल्या असत्यास.

हिराओकांची फौज अर्ध्या वाटेवरून परत फिरली, असं तू लिहितोस. तू शत्रूच्या छावणीत आहेस. शत्रूनं असंच लिहायचं असतं. मी तुझ्यावर विश्वास ठेवत नाही. तरी पण ते वाचल्यापासून मी दक्षिणेच्या बुरुजावर गेलेलो नाही. रोज सकाळी जात होतो.

नवं वर्ष लागल्यापासून एकेचाळीस माणसं गेली. मोकुसुके परवा गेला. धनुष्याची दोरी चघळत बसला होता, तसाच. जायच्या आधी म्हणत होता, धाकट्या मालकांना एकदा जवळून बघायला हवं होतं. मी तुला हे मुद्दाम कळवतोय असं समज हवं तर.

त्याच दिवशी खालच्या गावची ओकान नावाची बाई माझ्यासमोर येऊन बसली. तिच्या मांडीवर मूल होतं आणि ते सकाळीच गेलेलं होतं. ती ओरडली नाही, रडली नाही. म्हणाली, "किल्लेदार, तुमची एक. आमची किती?"

मी उठलो आणि भर दुपारी सगळ्यांदेखत फाटकापाशी गेलो. अडसरावर हात ठेवला. होसोमी तिथं उभा होता, त्यानं मला अडवलं नाही, नुसता बघत राहिला. मागे सगळी गढी बघत होती. अडसर काही जड नाही. मी तो उचलला असता तर एवढ्यात तुमच्या कुंपणापाशी पेजेची भांडी लागली असती. मला आगुरीचे पाय दिसले. तिला नेलं तेव्हा नवे जोडे मोठे झाले होते, म्हणून तिनं ते हातात घेतले होते आणि ती मोजे घालून चिखलातून चालत गेली. मी हात काढला आणि परत आलो. ओकान वाटेत बसलेलीच होती. तिला वळसा घालून यावं लागलं.

वडिलांनी एका दिवसात ठरवलं होतं. मला पाच महिन्यांत ठरवता येत नाही. ते माझ्यापेक्षा वाईट होते की नुसते धीट होते, ते मला आता सांगता येत नाही.

एक सांग. करार मोडल्याची बातमी आली त्या दिवशी तुला कुणी काय सांगितलं? पोराला काय सांगतात? तेवढं मला हवंय. दुसरं काही मागणार नाही.

कागेनोरी


पहिला महिना, चोविसावा दिवस

ओतोमात्सु,

तुझ्या तीन ओळी मिळाल्या.

त्या मी इतक्यांदा वाचल्यात की न बघता लिहू शकतो. 'आपल्या पत्रांचा हिराओकांना सुगावा लागला. या महिन्याच्या अठराव्या दिवशी आगुरीला मारलं. आता तुला थांबायचं कारण नाही.'

म्हणजे माझ्या पत्रांनीच. मी इथे बसून तुला मासे आणि दोर आणि ताप लिहीत होतो आणि तिकडे तिची घटका भरत होती. तिच्यासाठी मी एकेचाळीस माणसं, आता एकोणपन्नास, पुरली आणि तिला मारणारं पत्रही मीच लिहिलं.

मागच्या खेपेला मी तुझ्यावर विश्वास ठेवला नव्हता. या वेळी ठेवतो. फौजेबद्दल तू खोटं बोलशील, धान्याबद्दल बोलशील, तेवढा तुझा हक्क आहे. पण ओलीस दिलेल्या पोराच्या मरणाबद्दल तू खोटं बोलणार नाहीस. जगात दुसरं कुणीही बोलेल, तू नाही.

होसोमीला मी कोठारात बंद केलं. कोठार रिकामंच होतं. तो म्हणाला, "बाहेरून कडी लावा, म्हणजे मला काही करता आलं नाही असं मला सांगता येईल." मग आतून हळूच म्हणाला, "पेज मिळाली तर मलाही द्या."

ओसेनला मी सांगितलं नाही. तिला सांगितलं, हिराओकांची परवानगी आली. ती खाली बसली आणि कितीतरी वेळ जमिनीला डोकं टेकवून देवाचे आभार मानत होती. मी तिथं उभा राहू शकलो नाही. बाहेर पडून, पोटभर खाऊन, अंगात थोडी शक्ती आल्यावर तिला कळेल ते कळेल. ते तुझ्याकडे सोपवतो.

अटी: सत्ताविसाव्या दिवशी सकाळी मी फाटक उघडीन. आधी पोरंबाळं, मग गावकरी, मग शिपाई बिनहत्यारी बाहेर येतील. एकाही माणसाला धरून विकायचं नाही, हे कुसाकांनी लिहून द्यावं. सगळे बाहेर पडल्यावर फाटकासमोरच्या मोकळ्या जागेत, रीतीप्रमाणे, मी पोट चिरीन. साक्षीला तू यावंस अशी माझी विनंती आहे.

मला भीती वाटत नाहीये. खरं सांगायचं तर पाच महिन्यांत पहिल्यांदाच श्वास पुरा आत जातोय, आणि त्याची मला लाज वाटते.

कागेनोरी


तेन्शो एकोणिसावं वर्ष, दुसरा महिना, पाचवा दिवस
इबारा यांच्या घरून

आगुरी,

सोबत तुझ्या वडिलांची पाच पत्रं पाठवतो आहे. ती आधी क्रमानं वाच आणि मग माझं. ती वाचून झाली असतील असं धरून लिहितो.

तुझी आई आजारी आहे म्हणून मी गेल्या महिन्यात भेटायला गेलो होतो, तेव्हा ती बोलता बोलता म्हणाली की तू वडिलांच्या वर्षश्राद्धाला उदबत्ती लावत नाहीस. का, ते तू तिला स्पष्टच सांगितलंस म्हणे. हिराओकांनी परवानगी कधीच दिली नव्हती, हे तू म्हाताऱ्या होसोमीकडून काढून घेतलंस. त्यावरून तू ताडलंस की वडिलांनी जाणूनबुजून फाटक उघडलं. "आजोबांनी काकांना दिलं तसं त्यांनी मला दिलं. मी जगले, त्यात त्यांचा काही हात नाही," असं तू म्हणालीस. तुझी आई ते सांगताना भिंतीकडे तोंड करून पडली होती.

त्यांनी तुला दिलं नव्हतं. तुझ्या जिवासाठी त्यांनी गढीभर माणसांचे हाल बघितले आणि शिव्याशाप घेतले. तू मेलीस असं समजल्यावर त्यांनी फाटक उघडलं. आणि तू मेलीस असं त्यांना मी कळवलं. त्या तीन ओळी खोट्या होत्या. पत्रांचा सुगावाही कुणाला लागला नव्हता. ते कारण मी घातलं, कारण ते त्यांना पटण्यासारखं होतं.

मी हे का केलं ते तुला कळायला हवं. गेन्शुन दर दोन दिवसांनी वरून यायचे आणि आज किती पुरले ते सांगायचे. फाटक उघडायला तुझे वडील तयार नव्हते आणि तू जिवंत असेपर्यंत ते होणारही नव्हते. हिराओका तेव्हा दुबळे झाले होते. दुबळा धनी ओलीस मारत नाही, तह करताना उपयोगी पडतात म्हणून जपतो, हे मी लहानपणी ओलिसांमध्ये राहून शिकलो होतो. पण खात्री नव्हती. फाटक उघडल्याचं ऐकून त्यांनी तुला मारलंही असतं. म्हणजे तुझा जीव मी पणाला लावला आणि तुला विचारून लावला नाही. तुझ्या आजोबांनी माझ्या बाबतीत केलं त्यापेक्षा हे वेगळं आहे असं मी म्हणत नाही. दोनशे त्रेसष्ट माणसं जिवंत बाहेर आली, हे तेवढं खरं आहे.

इथपर्यंत मी कुणालाही सांगू शकतो. कुसाकांनी तर मला शाबासकी दिली. पुढचं कुणाला सांगितलेलं नाही.

सत्ताविसाव्या दिवशी सकाळी, माणसं बाहेर पडत असतानाच, कुसाकांकडे हिराओकांचा वकील तहाचं बोलणं घेऊन आला. सोबत त्यांच्या ताब्यातल्या ओलिसांची यादी होती, सगळे तुमच्या हवाली करतो म्हणून. मी यादी मागून घेतली. त्यात तुझं नाव होतं, 'सुगितानी कागेनोरी यांची मुलगी, वय दहा, प्रकृती ठीक.' मी तिची नक्कल करून घेतली, बाहीत घातली आणि फाटकासमोर गेलो.

तुझे वडील पांढऱ्या कपड्यांत बसले होते. मला ते उंच, दांडगे आठवत होते. समोर एक वाळलेला माणूस होता, त्याची मान कपड्यातून काठीसारखी वर आली होती. मला बघून ते म्हणाले, "मोठा झालास." मी शेजारी बसलो. कुसाकांचा निरीक्षक थोडा लांब होता, त्याला ऐकू जाण्यासारखं नव्हतं. शेवटचा पेला मीच ओतायचा होता, तो मी ओतला.

त्यांनी घोट घेतला आणि विचारलं, "शेवटी तिला काही खायला दिलं होतं का?"

मी म्हणालो, "दिलं होतं. तांदळाची भाजलेली मोची."

"किती?"

"दोन."

"दोन," ते म्हणाले. "बरं." आणि मग त्यांचा चेहरा वाकडा झाला. माणूस रडू आवरतो तेव्हा होतो तसा. ते पेल्यात बघत राहिले.

गढी तेव्हा रिकामी झाली होती. तुझी आई कुंपणाबाहेर पेज घेत होती, तिचा आवाज तिथवर येत होता. आता कुणाचं काही बिघडणार नव्हतं. त्यांचं मरण टळणार नव्हतं, ते अटीतच होतं, पण बाहीतला कागद काढून त्यांच्या मांडीवर ठेवला असता तर ते आनंदानं गेले असते. तुझं नाव वाचून गेले असते.

त्यांनी मला विचारलं होतं ना, करार मोडल्याची बातमी आली त्या दिवशी तुला काय सांगितलं? इबारांच्या बाईंनी मला जवळ बसवून सांगितलं की घरच्यांनी तुला सोडलं. मी विचारलं, "दादाला माहीत आहे?" त्या म्हणाल्या, "सगळ्यांना माहीत आहे." तेव्हापासून मला फक्त एवढंच हवं होतं, की पोटचं माणूस असं गेल्यावर काय होतं ते दादाला कळावं आणि ते कळताना मी त्याच्या समोर असावं. तापाचं वाचल्यावर तर जास्तच. आणि ते माझ्या समोर होतं, हातभर अंतरावर.

ते आणखी थोडा वेळ तसंच राहावं असं मला वाटलं, आगुरी. मी त्यांचा पेला पुन्हा भरला.

हिसानागा